जपानी रणगाड्यांचा रंगसंच: आठ महिने, तीन गाडे आणि एक चुकलेली रेघ

जूनमध्ये मागवलेला संच फेब्रुवारीत जवळजवळ रिकामा झालाय. त्यात ॲक्रिलिक रंगाच्या सहा बाटल्या, डेकलची (गाड्यावर चिकटवायच्या छापील चिन्हांची) एक शीट आणि एक घडीचं पत्रक होतं. त्यातून १/३५ मापाचे तीन गाडे, म्हणजे रणगाड्यांची प्लास्टिकची मॉडेलं, रंगवले: टाइप ९५ हा-गो, आखूड ५७ मिमी तोफेचा टाइप ९७ ची-हा आणि ४७ मिमी तोफेचा शिन्होतो (म्हणजे नव्या बुरुजाचा) ची-हा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पिवळ्याची रड मी वापरलेल्या सगळ्याच कंपन्यांच्या रंगांत आहे.

आधी चांगलं सांगतो. खाकी, हिरवा आणि मातकट तपकिरी हे तिन्ही रंग उत्तम. एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनात) अडकत नाहीत, वाळल्यावर चमक राहत नाही. जुलैतल्या दमट हवेत मात्र एका कोटनंतर रात्रभर थांबावं लागलं. घाई केली तिथे मास्किंग टेपबरोबर रंगही निघून आला.

आता पिवळा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळातल्या जपानी गाड्यांवर खाकी, हिरव्या, तपकिरी ठिगळांवरून पिवळे पट्टे नागमोडी फिरवलेले असत. बऱ्याच गाड्यांवर एक पट्टा लांबीला, एक रुंदीला, त्यामुळे वरून पाहिलं की वेडीवाकडी फुली दिसते. याच पट्ट्यासाठी लोक जपानी गाडा करायला घेतात आणि याच पट्ट्यावर तो अर्धवट सोडतात. गडद रंगावर पिवळा बसतच नाही. बाटलीतला पिवळा तर इतका पातळ की चौथ्या कोटनंतरही खालचा हिरवा डोकावत होता, आणि छटा थेट रिक्षाच्या टपाची.

शेवटी क्रम उलटा केला. आधी पट्ट्याच्या जागी फिकट बदामी, त्यावर पिवळा (चार थेंबांना एक थेंब खाकी मिसळून), मग निळ्या चिकट पुट्टीच्या वाती वळून पट्टे झाकले आणि बाकीचे रंग वरून मारले. हा-गोचं अंग रिव्हेटांनी भरलेलं, तिथे टेप नीट टेकत नाही. वात दाबली की रिव्हेटवर बसते. वाती वळण्यात एक अख्खा रविवार गेला. आई म्हणाली, एवढ्या वातींत श्रावण निघाला असता.

पत्रकावर मात्र माझा राग आहे. १९४२ च्या सुमारास पिवळे पट्टे मागे पडले आणि वाळक्या गवताच्या रंगावर हिरवी-तपकिरी ठिगळं आली. संचात वाळक्या गवताची बाटली आहे, पण पत्रकात तिन्ही गाड्यांना एकच पट्टेरी चित्र आणि साल कुठेच नाही. मला शिन्होतो हवा होता ऑगस्ट १९४५ चा, कुरील बेटांतल्या शुम्शू बेटावर सोव्हिएत फौजेशी लढलेल्या ११ व्या रणगाडा रेजिमेंटचा. पत्रकावर विसंबून पट्टे काढले आणि दोन संध्याकाळी ते खरवडण्यात घालवल्या. गाडा कुठला आणि कुठल्या वर्षीचा हे आधी ठरवा, मग बाटली उघडा.

आपल्याकडे नगरच्या रणगाडा संग्रहालयात हा-गो उभा आहे. किट जोडण्याआधी तो जरूर पाहून या. रिव्हेट, सस्पेन्शनचे हात, बुरुजाचा एवढासा आकार, सगळं डोळ्यांत बसतं. रंगाची छटा मात्र तिथून उचलू नका. इतकी वर्षं उघड्यावर काढलेल्या गाड्याचा आजचा रंग हा कारखान्यातला रंग नव्हे.

डेकल पातळ आहेत, मऊ करणारं द्रावण लावलं की पृष्ठभागाला छान चिकटतात. पुढच्या पाट्यावरचा सैन्याचा पंचकोनी तारा डेकलमधून लावू नका. खऱ्या गाड्यांवर तो बहुधा धातूचा, उठावाचा असे. मी पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून चिकटवला.

खरी गंमत ११ व्या रेजिमेंटच्या बुरुजावरच्या अक्षराची. जपानीत दहा म्हणजे अधिकचं चिन्ह, एक म्हणजे आडवी रेघ. दहाखाली एक लिहिलं की अकरा, आणि तेच एकत्र वाचलं की ‘शि’, म्हणजे योद्धा. म्हणून ही रेजिमेंट ‘शिकोन’, योद्ध्याचा आत्मा, म्हणून ओळखली गेली. या अक्षरात वरची आडवी रेघ लांब आणि खालची आखूड. उलट झालं की दुसरंच अक्षर होतं, त्याचा अर्थ माती.

माझ्या शीटवर खालची रेघ लांब छापली होती. बुरुजाच्या दोन्ही बाजूंना लावून, वॉर्निश मारून झाल्यावर जुना फोटो शेजारी धरला तेव्हा कळलं. उजव्या बाजूचं डेकल खरवडून तीन शून्याच्या ब्रशने पांढऱ्यात पुन्हा लिहिलं. डाव्या बाजूला अजून ‘माती’च आहे. ती बाजू कपाटात भिंतीकडे असते.