दिल्ली बघायला जायलात? "आज लाल किल्ला बंद है" म्हणणाऱ्यापासून सावध राहा

नांदेड, परभणी, जालन्याकडून सचखंडनं दिल्लीला जाणारे लई लोक असतेत, कुणी अमृतसरला जाता जाता दोन दिवस उतरतं, कुणी आईवडलांना राजधानी दाखवायला नेतं, म्हणून हे सविस्तर लिहायलोय. ज्यांचं तिकीट निघालंय त्यांना नक्की पाठवा.

आमचे बाबा इतिहासाचे शिक्षक होते, आता रिटायर. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली, दौलताबाद नाव ठेवलं, हे उभ्या नोकरीत लेकरांना शिकवलं पण दिल्ली काही बघणं झालं नव्हतं. त्यांनी घरूनच यादी करून आणलेली, लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा आणि तुघलकाबादचा किल्ला.

नवी दिल्ली स्टेशनातून पहाडगंजच्या बाजूनं बाहेर पडलो की एकजण आडवाच आला, गळ्यात ओळखपत्र, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम अदबीचं. म्हणे मी टूरिझम डिपार्टमेंटचा, आता सगळीकडं पास लागतो, पासशिवाय गेटवरून परत पाठवतेत, सरकारी ऑफिस जवळच आहे, ऑटोवाल्याला फक्त वीस रुपये द्या. ऑफिस बघून कुणालाही सरकारीच वाटावं असं, भिंतीवर अशोकस्तंभ, भारताचा मोठा नकाशा, ताजमहालाचे फोटो. टेबलावरचा माणूस कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत म्हणायला की राष्ट्रपती भवन आतून बघायचा कोटा संपत आलाय. माणशी १,८५० रुपये, त्यात गाडी, सगळे पास, गाइड. क्यूआर कोड स्कॅन केला तर ऑफिसचं नाव नाही, कुण्या एका माणसाचंच नाव आलं. विचारलं तर म्हणे मॅनेजरचं खातं आहे.

खरी गोष्ट काय ते आता ऐका. राष्ट्रपती भवनाचं बुकिंग त्यांच्याच वेबसाइटवर होतं, माणशी ५० रुपये लागतेत, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र. तिथलं अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं तेव्हा तर फुकटच असतं. इंडिया गेट, वॉर मेमोरियल, राजघाट, लोटस टेंपल, बंगला साहिब गुरुद्वारा, कुठंच तिकीट नाही. अक्षरधामलाही आत जायला पैसे नाहीत, फक्त प्रदर्शनाचं तिकीट असतं. लाल किल्ला, कुतुबमिनारचं तिकीट आपल्या भारतीयांना शंभराच्या आत, आणि १५ वर्षांखालच्या लेकरांना ते पण नाही. म्हणजे जे फुकट आहे तेच ही माणसं पॅकेज म्हणून विकायलेत.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. इंडिया गेटला पाच मिनिटं, बिर्ला मंदिर, राष्ट्रपती भवनाच्या बाहेरून एक फोटो, पास मागितला की ड्रायव्हर म्हणे ऑफिसमधून मेसेज यायचाय. आणि लाल किल्ल्याजवळ आलो तर गाडी थांबवलीच नाही, आज बंद है, वीआईपी मूवमेंट है. खरी गोम हीच आहे. लाल किल्ला सोमवारी खरंच बंद असतो, पंधरा ऑगस्टच्या आधी पण काही दिवस बंद ठेवतेत, अक्षरधाम आणि लोटस टेंपलपण सोमवारी बंद. आपल्या कानावर हे अर्धवट आलेलं असतं, त्यामुळं कुणी बंद म्हणलं की पटतं. आम्ही गेलो तो वार सोमवार नव्हताच. बाबा खिडकीतून ती लाल भिंत मागं जाईपर्यंत बघत होते, मला त्या ड्रायव्हरचा एवढा राग कधीच आला नसता पण बाबांचा चेहरा बघून आला.

मग वाचलेला सगळा वेळ कुठं घातला, तर "सरकारी एम्पोरियम"मध्ये. दारातल्या पोऱ्यानं आमच्याकडं न बघता आधी गाडीचा नंबर वहीत लिहून घेतला, कमिशन कुणाच्या नावावर टाकायचं त्यासाठी. आत आईसमोर पैठण्या पसरल्या, हातमागाची, अठरा हजार. आईचं माहेर पैठण. तिनं पदर उलटा केला, मागून सुटे धागे लोंबत होते. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून पुढून सारखाच दिसतो, नक्षीचे धागे मागं असे सुटत नाहीत. आईनं साडी घडी करून त्याच्या हातात दिली आणि "चला" म्हणली. काहीच घेतलं नाही म्हणून ड्रायव्हर पुढं धड बोलेना, कुतुबमिनारला पार्किंग नाही, तुघलकाबाद लांब पडतं, असं करत संध्याकाळी पहाडगंजलाच सोडून दिलं.

पुढच्या सकाळी आमचं आम्हीच निघालो. नवी दिल्लीहून मेट्रोच्या यलो लाइनवर दुसरं स्टेशन चांदनी चौक, तिथून लाल किल्ला चालत. खिडकीवर तिकीट मिळालं, कालचं विचारलं तर म्हणे कल तो पूरा दिन खुला था. शहाजहाननं १६३९ ला काम काढलेला तो किल्ला बाबांनी दिवाण-ए-आमपासून सावकाश बघितला. त्याच यलो लाइनवर कुतुबमिनारचंही स्टेशन आहे. तुघलकाबाद मात्र राहिलं ते राहिलंच, परतीचं रिझर्वेशन होतं.

त्या ऑफिसात परत गेलो तर वेगळाच माणूस, म्हणे असा कुणी आमच्याकडं नाही. पावतीवर ना पत्ता ना जीएसटी नंबर. भारत सरकारचं खरं टुरिस्ट ऑफिस ८८, जनपथवर आहे, माहिती तिथं जाऊन घ्या. पर्यटकांसाठी १३६३ हेल्पलाइन आहे, चोवीस तास, हिंदीत बोलता येतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

आमची तक्रार पोलिसांकडं दिलेली आहे, पैसे अजून आले नाहीत. हिरव्या कागदाची, वर अशोकस्तंभ आणि खाली नुसती सही असलेली पावती तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर कळवा, सगळ्यांची मिळून एकच तक्रार करू.