बेळगाव-खानापुरातल्या होमस्टेची सफाई: कंपनी, मोलकरीण की जोडी?

टिळकवाडीतला फ्लॅट असो की जांबोटीच्या वाटेवरचं कौलारू घर, पाहुणा अकराला निघतो आणि पुढचा दोनला दारात उभा असतो. मधल्या तीन तासांत चादरी, संडास-बाथरूम, स्वयंपाकघर, फरशी, कचरा सगळं उरकायचं. इकडे मिळणाऱ्या सफाईच्या सोयी याच तीन तासांवर तपासायला हव्यात. बाकी जाहिरातीत काहीही लिहिलेलं असतं.

शहरातल्या क्लीनिंग कंपन्या

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दसऱ्याच्या तोंडावर, करायच्या मोठ्या सफाईला या चांगल्या. शिडी, व्हॅक्यूम, सोफा धुण्याचं मशीन घेऊन चौघं येतात आणि दिवसात घर काढतात. पाहुण्यागणिक सफाईला मात्र त्यांचा भरवसा धरू नये. दर वेळी माणसं नवी, त्यामुळे चादरी कुठे आणि मोटरचं बटण कुठे हे पुन्हा पहिल्यापासून सांगा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की शहरातल्या खोल्या भरतात आणि नेमकी तेव्हाच माणसांची ओढाताण सुरू होते.

त्यांचा दुसरा दोष महागात पडतो. बाथरूमचे पांढरे डाग दिसले की सरसकट ॲसिड. टाइल्सवर ते एक वेळ चालेल, पण इकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला ॲसिड खातं. चमक जाते, खरखरीतपणा येतो आणि पुढे त्यात मळ जास्तच धरतो. संगमरवराचंही तेच. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर त्या फरशीला फक्त साधा पातळ साबण आणि मऊ ब्रश. बोअरच्या पाण्याचा नळावरचा थर काढायला सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं वीस मिनिटं गुंडाळून ठेवलं तरी पुरतं, फक्त थेंब दगडावर पडू देऊ नयेत.

महिन्याच्या पगारावरची मोलकरीण

राहत्या घराला ठीक, होमस्टेला नाही. तिची वेळ सकाळी आठची, तुमची गरज अकरानंतरची. तोवर ती चौथ्या घरी भांडी घासत असते. त्यात तिचा दोष काहीच नाही, व्यवहारच चुकीचा ठरवलेला असतो.

एकाच गल्लीतल्या दोघी

ही सोय सगळ्यांत टिकाऊ. जावाजावा, मायलेकी किंवा शेजारणी चालतील, पण दोघींनाही घर सारखंच माहीत हवं. एकीला ताप आला, माहेरी जत्रा निघाली, तरी दुसरी येते. दोन बेडरूमच्या घराला एकटीला तीन तास लागतात, म्हणजे चुकायला जागाच नाही. दोघी असल्या तर पावणेदोन तासांत होतं.

शोधायचं कुठे? गावातल्या स्त्रीशक्ती संघात (म्हणजे बायकांच्या बचत गटात), मंगल कार्यालयात काम केलेल्या बायकांत, इस्पितळात हाउसकीपिंग केलेल्यांत. मंगल कार्यालयवाल्यांना वेळेची सवय असते, इस्पितळवाल्यांना संडासाचं फडकं ओट्याला लावू नये हे शिकवावं लागत नाही. आधी घर रिकामं असताना पैसे देऊन एक दिवस काम करून घ्या आणि चार जागा बघा: कमोडच्या झाकणाच्या बिजागऱ्या, फ्रीजच्या रबराची घडी, पंख्याच्या पात्याची वरची बाजू, बेसिनखालचा पाइप. या चार स्वच्छ असतील तर बाकीचं घर बघायची गरज नाही.

येण्याजाण्याचा विचार आधीच करावा. ११ जून २०२३पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, म्हणून चार गावं पलीकडची बाईही परवडते. महाराष्ट्रातल्या शिनोळी किंवा चंदगडकडून येणारीला ही सवलत नाही, तिचं भाडं मजुरीत धरा. कणकुंबीच्या बाजूला मात्र बस मोजक्याच. तिथे गावातलीच जोडी हवी.

मजुरी दर सफाईमागे ठरवावी, पण महिन्याला किमान आठ सफायांचे पैसे पक्के द्यावेत, बुकिंग येवो न येवो. बाई टिकते ती या हमीमुळे. पैसे त्याच संध्याकाळी फोनवर पाठवावेत. जुलैत खानापूर तालुक्यात भाताची रोपलावण निघते. त्या दिवसांत मजुरी लावणीइतकी केली तरी ती येईलच असं नाही, कारण शेत घरचं असतं आणि पैरा, म्हणजे शेजाऱ्यांनी आपल्या शेतात केलेल्या कामाची परतफेड, फेडायचा असतो. सुगीतही तेच. तारखा तिलाच विचारून घ्या आणि त्या दिवसांत दोन पाहुण्यांच्या मध्ये एक दिवस रिकामा ठेवा.

कामाचा क्रम कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये, शक्यतो चित्रांसकट, कपाटाच्या आतून लावावा. आधी चादरी काढून मशीन सुरू. मग कमोडला क्लीनर लावून सोडून द्यायचं, तो पंधरा मिनिटं आपलं काम करतो. तोवर वरून खाली कोरडी धूळ, मग ओटा आणि फ्रीज, मग बाथरूम, फरशी सगळ्यांत शेवटी, आतून दाराकडे. फडकी चार रंगांची: संडास, बाथरूम, ओटा, आरसा. कमोडचं ॲसिडवालं क्लीनर आणि ब्लीच एकत्र कधीही नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. हे पहिल्याच दिवशी तोंडाने सांगावं, कागदावर सोडू नये.

चादरींचे बेडमागे तीन संच लागतात, पश्चिमेकडच्या पावसाळी पट्ट्यात चार, कारण तिथे कपडा दोन दिवस वाळत नाही. अर्धओली चादर घडी करून ठेवली की कुबट वास बसतो आणि पुढच्या धुण्यातही सहजासहजी जात नाही. लाल मातीचे डाग आधी पूर्ण वाळू द्यावेत, ब्रशने झाडावेत, मगच पाणी. त्यावर ब्लीच ओतलं तर मातीतलं लोह कापडात आणखी घट्ट बसतं. हळदीचा डाग साबणाने लालभडक होतो, घाबरू नये, धुऊन कडक उन्हात टाकला की उडतो. रक्ताला थंडच पाणी. टॉवेलला सॉफ्टनर नको, पाणी टिपेनासे होतात.

फिनाइलवरही जपून भर द्यावा. नुसता वास मारून काम झाल्याचा भास होतो, आणि खेड्यातल्या घराला सेप्टिक टाकी असेल तर रोजच्या ब्लीच-फिनाइलने त्यातले जिवाणू मरतात, टाकी लवकर भरते. लाइट गेली की मोटर बंद, म्हणून दोनशे लिटरचा ड्रम भरलेला असू द्या.

काम झाल्यावर ठरलेले सहा फोटो व्हॉट्सॲपवर मागवावेत: बेड, कमोड, शॉवरची जाळी, फ्रीज आतून, ओटा, बंद केलेला गॅसचा रेग्युलेटर. किल्ली नंबरच्या पेटीत, आणि नंबर दर महिन्याला बदललेला. आधारची झेरॉक्स पहिल्याच दिवशी घ्यावी, मग पुढे संशयाने बोलायची वेळ येत नाही. फुटलेल्या पेल्याचे पैसे मजुरीतून कापू नयेत. कापले की पुढचा फुटलेला पेला कचऱ्यात दडपला जातो आणि काचेचा तुकडा पाहुण्याच्या पायाला लागल्यावर तुम्हाला कळतं.