बायोरिअॅक्टरमधली रक्तवाहिनी: कापून बघायची की सोनोग्राफीने?

लॉरा निकलसन यांच्या गटाने १९९९मध्ये गाईच्या स्नायूपेशींपासून बायोरिअॅक्टरमध्ये, म्हणजे पेशींना पोषक द्रव पुरवत ऊती वाढवायच्या भांड्यात, धमन्या वाढवल्या, त्याला ८ आठवडे लागले. एवढे दिवस जपलेली नळी मधेच कापायला जिवावर येतं. पण आत काय चाललंय हे कळायलाही हवं.

हिस्टॉलॉजीइतकं, म्हणजे नळीचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याइतकं, स्पष्ट काहीच दाखवत नाही. पेशी, भिंतीला बळकटी देणारं कोलॅजन, लवचिकपणा देणारं इलॅस्टिन, सगळं रंगवून वेगवेगळं. अडचण हिशेबाची आहे: पाच मुदतींना तीन-तीन म्हणजे १५ नळ्या गेल्या, आणि तिसऱ्या आठवड्याची नळी नि सहाव्याची नळी एक नव्हेच. सोनोग्राफीत त्याच तीन नळ्या शेवटपर्यंत पुरतात.

सोनोग्राफीचा प्रोब (लहरी सोडणारा भाग) मात्र विचारपूर्वक घ्या. १० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी साधारण ०.१५ मिमी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीत जेमतेम तीन लहरी. ४० मेगाहर्ट्‌झला ती ०.०४ मिमीच्या आत येते, तेव्हा कुठे जाडी मोजण्यात अर्थ. खरी कमाई पंप चालू असताना होते. दाबाच्या प्रत्येक ठोक्याला नळी किती फुगते ते मोजलं की भिंत ताठर होत चालली आहे का, ते न कापता कळतं. स्लाइडवर हे दिसणार नाही.

पण पडद्यावरचा पांढरा ठिपका म्हणजे कोलॅजनच, असं धरून चालू नका. आमच्याकडे एकदा भिंतीत कॅल्शियम साचल्याची चर्चा रंगली होती. नळीला टिचकी मारली, आणि कॅल्शियम तरंगत वर गेलं! मीडियममधला, म्हणजे पोषक द्रवातला, बुडबुडा होता. दुसरं म्हणजे जाड काचेतून लहरी नीट जात नाहीत. बायोरिअॅक्टर बनवतानाच पातळ पडद्याची खिडकी ठेवा.

तिसरा पर्याय ओसीटी, म्हणजे ध्वनीऐवजी प्रकाशाने आतलं चित्र काढणारं तंत्र. ओसीटीला काच चालते, स्पर्श लागत नाही, बारकावा १०-१५ मायक्रॉनचा. खोली मात्र १-२ मिमीच, आणि पेशी ज्यावर वाढतात त्या सुरुवातीच्या पांढऱ्याफेक पॉलिमर जाळीत प्रकाश विखुरतो. पातळ भिंतीसाठी उत्तम. पुढे नळी प्राण्यात बसवायची असेल तर बाहेरून ओसीटी पोचत नाही, तिथे डॉप्लरच, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी.

मी सोनोग्राफी घेईन, आणि शेवटच्या दिवशी त्याच नळ्यांच्या स्लाइड करीन.

भारतात असाल तर ऑर्डरआधी एक काम: गर्भलिंग ओळखू शकणारं यंत्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणी नसलेल्याला विकता येत नाही. तुमचं यंत्र त्यात मोडतं का, ते जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून लेखी घ्या.