जाळीचा पाइप की रबरी पाइप: बागेच्या पाण्यासाठी निवड करताना

बागेला पाणी घालण्यासाठी पाइप घ्यायचा झाला तर खरी निवड माझ्या मते दोघांतच असते: आत दोऱ्यांची जाळी असलेला पीव्हीसीचा पाइप आणि काळा, जाड भिंतीचा रबरी पाइप. बिनजाळीचा साधा प्लास्टिकचा पाइप बादली भरण्यापुरता ठीक आहे. पाणी सोडताच लांब होणारा आणि बंद करताच आक्रसणारा पाइप ठेवायला फारच सोयीचा असला, तरी त्याची सारी भिस्त आतल्या पातळ, ताणल्या जाणाऱ्या नळीवर असते आणि ती एकदा फाटली की दुरुस्तीला जवळजवळ वाव उरत नाही. म्हणून या दोघांना मी येथेच बाजूला ठेवतो.

जाळीच्या पाइपाची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. तो हलका असतो, स्वस्त असतो, आणि कोठे चिरला तर तेवढा तुकडा कापून, टोके गरम पाण्यात बुडवून मऊ करून, मधे जोडनळी घालून दोन्हीकडे क्लिपा आवळल्या की काम भागते. रबरी पाइप याउलट जड असतो, नवा असताना त्याला वास येतो, आणि फरशीवरून ओढला तर काळे ओरखडे उमटतात. ज्यांना जिन्यावरून पाइप वर न्यायचा आहे किंवा ज्यांच्या मनगटांना वजन सोसत नाही, त्यांनी जाळीचा पाइप घेतला तर त्यात वावगे काहीच नाही. तरीही मी स्वतः रबरी पाइपाकडे वळलो, आणि त्याला कारण एकच झाले: पाइपाचे मुडपणे.

बागेच्या दूरच्या टोकाला उभे राहून आपण पाणी घालत असतो, धार एकाएकी बारीक होते आणि मग थांबते. मागे वळून पाहावे तर पाइप कोठल्या तरी कुंडीच्या कोपऱ्याशी दुमडलेला असतो. परत जायचे, घडी सोडवायची, पुन्हा टोकाशी यायचे. आणि तोवर खाली ठेवलेल्या नोझलमधून अडलेले पाणी जोराने सुटून कोवळ्या रोपांच्या मुळाशी खड्डा पडलेला असतो. ही गोष्ट एखाद्या वेळी घडली तर कोणी मनावर घेणार नाही. परंतु पीव्हीसीच्या पाइपाला एकदा घडी पडली की तो पुढे त्याच जागी मुडपतो, आणि माझा संयम संपला तो नेमका येथे. घडीच्या जागी पाइपावर आडवी पांढरट रेघ दिसू लागते. ती पुसून जात नाही, कारण तो डाग नसून तेथील प्लास्टिक ताणले जाऊन कमजोर झालेले असते. हाताने दाबून गोलाई परत आणता येते, पण पाणी बंद होऊन पाइप सैल पडला की ती जागा पुन्हा बसते.

यामागचे कारण साधे आहे. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला लवचीक करण्यासाठी मिसळलेली द्रव्ये काळाच्या ओघात हळूहळू बाहेर पडतात, आणि ऊन हे काम अधिक लवकर करते. त्यामुळे पाइप जसा जुना होतो तसा ताठर होतो आणि वाकण्याऐवजी दुमडतो. थंडीत तर नवा पाइपही हट्टी वाटतो. रबराची जाड भिंत दाबली गेली तरी परत उसळून गोल होते, आणि काळ्या रबरात मिसळलेली काजळी उन्हातील अतिनील किरणांपासून त्याचे बऱ्यापैकी रक्षण करते. रबरी पाइप मुडपतच नाही असे मी म्हणणार नाही. फार लहान वळण दिले तर तोही बसतो. मात्र त्याची घडी कायमची राहत नाही, निदान माझ्या अनुभवात तरी राहिलेली नाही, आणि बहुतेक वेळा पाण्याच्या दाबानेच ती उघडते.

यात थोडा दोष पाइप उलगडण्याच्या आपल्या पद्धतीकडेही जातो. वेटोळे जमिनीवर पडू देऊन टोक धरून ओढत नेले, तर सुटणाऱ्या प्रत्येक फेऱ्यामागे पाइपाला एक पूर्ण पीळ बसतो, आणि हे सगळे पीळ साठून अखेरीस एका जागी घडी होऊन बाहेर पडतात. वेटोळे चाकासारखे फिरवत उलगडले तर पीळ पडत नाही. गुंडाळताना एक फेरा वरून आणि पुढचा खालून असा आळीपाळीने घेतला, तर दोन्ही पीळ एकमेकांना खोडून काढतात आणि मग टोक ओढून नेले तरी चालते. हे जमू लागले की जाळीचा पाइपही बराच शहाण्यासारखा वागतो, इतके त्याच्या बाजूने म्हणायला हवे.

व्यासाबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अर्धा इंच आणि पाऊण इंच यांत फरक किरकोळ वाटतो, परंतु दाब आणि लांबी तीच ठेवली तर पाऊण इंची पाइपातून सुमारे अडीच पट किंवा त्याहूनही अधिक पाणी जाऊ शकते. अर्थात नळ तेवढे पाणी देत असेल तरच. त्याची दुसरी बाजू अशी की वीस मीटर लांबीच्या अर्धा इंची पाइपात साधारण अडीच लिटर पाणी मावते, तर तितक्याच लांबीच्या पाऊण इंची पाइपात साडेपाच लिटरांहून अधिक. हे सगळे वजन आपल्यालाच ओढायचे असते, आणि रबराच्या मूळ वजनात ते मिळवले की दमछाक होते. म्हणून रबरी घ्यायचा असेल तर अर्धा इंची घ्यावा आणि गरजेपेक्षा लांब घेऊ नये, असे मी सुचवेन.

नोझलच्या बाबतीत माझे मत इतके ठाम नाही. चापाची गन कुंड्यांसाठी उत्तम आहे, कारण एका कुंडीवरून दुसरीकडे जाताना बोटे सैल केली की पाणी थांबते. वाफ्यांना सलग पाणी घालायचे असेल तर मात्र तोच चाप दाबून हात भरून येतो. चाप अडकवून ठेवायची कडी असते खरी, पण ती सहसा सर्वांत आधी मोडते. शिवाय चाप झटक्यात सुटला की धावते पाणी एकदम अडून सगळ्या जोडण्यांना हिसका बसतो. पितळेचे फिरवायचे नोझल हळूहळू बंद होते, त्यात मोडण्यासारखे फारसे काही नसते, आणि धार ते तुषार असा सारा पल्ला एका वळणात मिळतो. ओल्या हातांनी ते फिरवताना बोटे घसरतात, ही त्याची उणीव. गनच्या तबकडीवर आठ-दहा प्रकारचे फवारे असतात, पण त्यांतले दोनच वापरात येतात असे माझे निरीक्षण आहे. नुकत्याच उगवलेल्या रोपांसाठी यांपैकी काहीही न वापरता लांब दांड्याचे, झारीसारख्या तोंडाचे नोझल वापरणे बरे.

जोडणीत धातूंचा मेळ पाहावा. पितळी नळावर ॲल्युमिनियमची जोडणी घट्ट बसवून तशीच ओली ठेवली तर ॲल्युमिनियम गंजत जाते आणि काही काळाने दोन्ही असे चिकटतात की पान्ह्यानेही सुटत नाहीत. आटेही एका जातीचे हवेत. पाऊण इंची ब्रिटिश मापाला एका इंचात 14 आटे असतात आणि अमेरिकी बागपाइपाच्या मापाला साडेअकरा. त्यामुळे परदेशी बनावटीचे नोझल सुरुवातीला बसल्यासारखे वाटते आणि पुढे अडते किंवा गळत राहते. अशा स्क्रूच्या जोडणीत पाणी अडवण्याचे काम आटे करत नसून आतला चपटा वॉशर करतो. म्हणून गळती सुरू झाली की टेपचे थर चढवण्याआधी वॉशर बदलून पाहावा, आणि दोन-चार वॉशर नेहमी घरात ठेवावेत.

निगा राखण्याचे म्हणावे तर दोन्ही पाइपांना नियम सारखेच आहेत, फक्त जाळीचा पाइप हयगय कमी सोसतो. काम झाल्यावर नळ बंद करावा आणि मग नोझल उघडून दाब सोडावा. नुसते नोझल बंद करून पाइप उन्हात फुगलेला ठेवला, तर पहिला बळी क्लिपेजवळचा भाग जातो. पाणी ओघळू द्यावे, वेटोळे सावलीत ठेवावे, आणि ते खिळ्यावर न टांगता रुंद, गोल आधारावर टांगावे, नाहीतर टेकलेल्या जागीच घडी पडते. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी झाडांना भाजण्याइतके कढत असू शकते. कोमट, साचलेल्या पाण्यात फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जातीचे जंतू वाढतात आणि बारीक तुषारांतून ते श्वासावाटे शरीरात जाऊ शकतात. म्हणून बरेच दिवस पडून राहिलेल्या पाइपाचे पहिले पाणी तुषार न करता, नोझल काढून जमिनीलगत वाहू द्यावे. नोझलची भोके क्षारांनी बुजली तर ते काही वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासावे. टाकी भरताना पाइपाचे टोक पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण नळातला दाब अचानक गेला तर टाकीतले पाणी उलटे ओढले जाऊ शकते.

हे सगळे वाचूनही कोणाचा कल हलक्या, जाळीच्या पाइपाकडे असेल, तर दुकानात एक चाचणी अवश्य करावी. पाइपाचा मोकळा भाग हातात घेऊन त्याचे वीतभर रुंदीचे वळण करावे आणि ते हळूहळू आवळत जावे. चांगला पाइप प्रथम अंडाकृती होतो आणि सोडल्यावर पुन्हा गोल होतो. हलक्या प्रतीचा असेल तर थोडे आवळताच खटकन बसतो, आणि सोडल्यावर त्या जागी नख फिरवले तर कड लागते.