एमसीसी १०२ : डायरेक्ट कॉम्प्रेशनमधला काही महिन्यांचा अनुभव

अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची (रक्तदाबावरची) गोळी आमच्याकडे आधी वेट ग्रॅन्युलेशनने, म्हणजे पावडर ओली करून तिचे दाणे बनवून, व्हायची. आरएमजी (दाणे बनवणारा वेगवान मिक्सर), एफबीडी (गरम हवेने वाळवणारं यंत्र), मिलिंग (दळणं), पुन्हा सिफ्टिंग (चाळणं), असा सगळा दिवस जायचा. आता काही महिने तीच गोळी एमसीसी १०२ (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, गोळीला बांधणारी भरणीची पावडर) घेऊन डायरेक्ट कॉम्प्रेशनने, म्हणजे दाणे न बनवता मिश्रण थेट दाबून, काढतोय. सरळ सांगतो, परत मागे जायची इच्छा नाही. पण या पावडरीच्या काही सवयी ओळखल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

पहिला प्रश्न ग्रेडचा. एमसीसी १०१चा सरासरी कण सुमारे ५० मायक्रॉनचा, १०२चा सुमारे १००चा. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, हॉपरमध्ये (यंत्राला पावडर पुरवणाऱ्या नरसाळ्यात) तो लगेच कळतो. १०१च्या ब्लेंडचा (मिश्रणाचा) कार इंडेक्स, म्हणजे पावडर किती वाईट वाहते याचा आकडा, आमच्याकडे २५च्या पुढे जायचा आणि वजन वरखाली व्हायचं. २०० मिलिग्रॅमच्या गोळीला आयपीनुसार (भारतीय फार्माकोपिया, औषधांची मानकं) ±७.५ टक्के, म्हणजे १५ मिलिग्रॅमची मुभा असते. ती मोठी वाटते, पण डाय (गोळीचा साचा) नीट भरली नाही तर पुरत नाही. १०२ आणि थोडं एरोसिल (पावडर वाहती ठेवणारी बारीक सिलिका) घेतल्यावर वजन स्थिरावलं.

हार्डनेसच्या (गोळीच्या घट्टपणाच्या) बाबतीत एमसीसीला तोड नाही. दाब आला की तिचा कण फुटत नाही, चपटा होऊन शेजारच्या कणाला चिकटतो. त्यामुळे कमी टनेजवरही (दाबावरही) गोळी घट्ट येते आणि फ्रायबिलिटी, म्हणजे घासून झडणारा भाग, १ टक्क्याच्या खूप आत राहते. मात्र या चपटं होण्याला वेळ लागतो. टरेटचा (यंत्राच्या फिरत्या चाकाचा) वेग वाढवला की पंच (दाबणारा दट्ट्या) दाबून धरण्याचा काळ घटतो आणि हार्डनेस उतरतो. प्री-कॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) थोडं वाढवलं की बराचसा परत मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे पावडर पंच-डायला चिकटू नये म्हणून घालायचं वंगण. हे मी प्रत्येक नव्या ऑपरेटरला सांगतो. स्टिअरेट टाकल्यानंतर ब्लेंडर जितका जास्त फिरेल, तितका त्याचा पातळ थर एमसीसीच्या कणांवर बसतो. कण फुटत नसल्याने नवा, स्वच्छ पृष्ठभाग उघडा पडत नाही आणि बंध कमजोर राहतात. एकाच ब्लेंडचे भाग करून एक भाग ३ मिनिटं आणि दुसरा मुद्दाम बराच जास्त वेळ फिरवून पाहिला. टनेज तेच, पण दुसऱ्याच्या गोळ्या स्पष्टपणे मऊ आल्या आणि पाण्यात फुटायलाही जास्त वेळ लागला, कारण तो थर पाणी आत शिरू देत नाही. म्हणून स्टिअरेट ६० मेशच्या बारीक चाळणीतून गाळून शेवटी टाकायचं, साधारण ०.५ ते १ टक्का, आणि टायमर लावूनच ब्लेंडर थांबवायचा. नजरेच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

यावर आमच्यासाठी खरा उपाय ठरला तो निर्जल डायकॅल्शियम फॉस्फेट. ते ठिसूळ, दाबाखाली फुटतं आणि नवे पृष्ठभाग उघडे करतं, त्यामुळे स्टिअरेटचा परिणाम त्यावर फारसा होत नाही. शिवाय वजनदार असल्याने ब्लेंड चांगला वाहतो. एमसीसी आणि या फॉस्फेटची जोडी मला आजवर सगळ्यात भरवशाची वाटली. तोटा एवढाच की ते खरखरीत आहे आणि पंच-डाय लवकर झिजतात. टूलिंगची तपासणी वाढवावी लागते.

लॅक्टोज स्वस्त आहे, मग ते का नाही, असं खूप जण विचारतात. अ‍ॅम्लोडिपिनमध्ये प्राथमिक अमाइन गट आहे. तो लॅक्टोजशी मेलार्ड अभिक्रिया (अमाइन आणि साखर यांची, रंग बदलणारी) करू शकतो, रंग पिवळट-तपकिरी होतो आणि अशुद्धी वाढतात. पैसे वाचवायला इथे हात घालू नये.

पावसाळ्यात एमसीसीचं उघडं पोतं लगेच ओल धरतं. फार्माकोपियाची लॉस ऑन ड्राइंगची (वाळवल्यावर घटणाऱ्या वजनाची, म्हणजे ओलीची) मर्यादा ७ टक्के आहे, पण त्याच्या जवळ गेलेली पावडर नीट वाहत नाही आणि पंचाला चिकटते. उलट फार कोरडी केली तर बंध कमी होतात, कारण ती थोडी ओलच कणाला मऊ, दाबाखाली चपटा होण्याजोगा ठेवते. आम्ही आता पोत्यांना आतून दुहेरी पिशवी बांधतो आणि उघडलेलं पोतं त्याच पाळीत संपवतो.

किंमत जास्त आहे, हे खरं. एफबीडीची वीज आणि वाचलेला दिवस धरला तर आम्हाला ती परवडते. मात्र हे सगळं कमी डोसच्या औषधांपुरतं. पॅरासिटामॉल ५००मध्ये औषधच गोळीचा बहुतेक भाग व्यापतं, ते स्वतः लवचीक, म्हणजे दाब सुटताच परत फुगणारं, असल्याने कॅपिंग होतं (गोळीचा वरचा थर सुटतो), आणि एमसीसीला तिथे पुरेशी जागाच उरत नाही. त्यासाठी आरएमजी अजून चालू आहे.