गुलमर्गच्या गोंडोलाचं बनावट तिकीट: आमचे 17,700 रुपये असे गेले

आधी आकडा सांगतो. 17,700 रुपये. त्यातले 16,500 यूपीआयने गेले, 1,200 रोख. शिवाय आमच्या पाचही जणांच्या आधार कार्डांचे फोटो त्या माणसाकडे आहेत, आणि पैशांपेक्षा मला आता त्याचाच जास्त घोर लागलाय.

मे 2024. आई, मी, बायको आणि दोन मुलं. आईला 71 वर्षं पूर्ण झालेली, तिला एकदा बर्फ बघायचा होता. काश्मीरमधल्या गुलमर्गच्या गोंडोलात, म्हणजे तारेवरून डोंगरावर जाणाऱ्या उडनखटोल्यात, बसून वर जायचं तिने शेजारणींना महिनाभर सांगून ठेवलं होतं. मी बावीस वर्षं हिशेबाच्या कामात आहे, दुसऱ्यांची बिलं तपासून पोट भरतो. त्यामुळे जायच्या आधी सगळं वाचून काढलं. गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 पासून सुरू आहे, तो कोंगडोरी या मधल्या स्थानकापर्यंत नेतो. दुसरा 2005 पासून, तो अफरवत डोंगरावर, जवळजवळ 3,950 मीटर उंचीवर. एका केबिनमध्ये सहा जण. वर हवा विरळ असते म्हणून डॉक्टरांना विचारून आईच्या गोळ्या घेतल्या. जून 2017 मध्ये वाऱ्याने झाड पडून तिथे सात माणसं गेली होती, ते वाचून बायको घाबरली होती. आमची सगळी काळजी तारेची, उंचीची आणि आईच्या श्वासाची. तिकीट कुणाकडून घेतोय, याची काळजी कुणीच केली नाही.

अधिकृत संकेतस्थळावर आमच्या तारखेची तिकिटं संपलेली होती. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी ऐका: सुट्टीच्या दिवसांत तिकिटं कितीतरी आधी संपतात आणि याच टंचाईवर हे लोक जगतात. विमानाची तिकिटं काढून झाली होती, हॉटेलचे पैसे भरले होते. अशा वेळी माणूस इंटरनेटवर पुन्हा शोधतो, तसं मीही शोधलं. सगळ्यात वर जे पान आलं त्यावर केबिनचे फोटो, सरकारी वाटेल असं बोधचिन्ह आणि खाली व्हॉट्सॲपचं बटण. सगळ्यात वर येतं ती बहुतेकदा जाहिरात असते, हे मला माहीत होतं. तरी दाबलं.

पलीकडचा माणूस अदबीने बोलला. "सर, एजंट कोटा आहे, दोन्ही टप्पे मिळून माणशी 2,800." पाच जणांचे 14,000. मूळ दरापेक्षा जास्त होते, पण सुट्टीत सगळीकडे तसंच चालतं असं मी मनाला समजावलं. 7,000 आगाऊ, 7,000 तिकीट तयार झाल्यावर. पैसे पाठवताना पडद्यावर एका बाईचं नाव आलं. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनींचं खातं आहे, ऑफिसच्या खात्याची मर्यादा संपली." सरकारी सेवेचं तिकीट कुणाच्या वहिनीच्या खात्यावर का जाईल? तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याने आधार कार्डांचे फोटो मागितले आणि उलट माझा विश्वास बसला. खऱ्या तिकिटावर नावं असतात, ओळखपत्र लागतं, म्हणजे हा रीतसरच करतोय असं वाटलं. आधार द्यावंच लागलं तर नंबर झाकलेलं, मास्क केलेलं द्या. मी पूर्ण दिलं.

आदल्या रात्री श्रीनगरच्या हॉटेलवर त्याचा मेसेज आला. स्लॉट दुपारी तीनचा आहे, दुपारी वारा सुटला की वरचा टप्पा बंद करतात, सकाळचा करून देतो, माणशी 500. वाऱ्यामुळे वरचा टप्पा बंद होतो हे शंभर टक्के खरं आहे, मी स्वतः वाचलं होतं. म्हणूनच फसलो. आणखी 2,500 गेले आणि वीस मिनिटांत नवीन पीडीएफ आली.

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातंय. मुलगा नववीत आहे. तो ती पीडीएफ बघत होता. म्हणाला, "बाबा, नावं पाच आहेत, पण इथे खाली प्रवासी 4 लिहिलंय." मी मोबाइल हातात घेतला, पाहिलं. 4 च होतं. नावांची अक्षरंही बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड दिसत होती. आणि मी, बावीस वर्षं बिलांतल्या चुका काढणारा माणूस, त्याला म्हणालो, "आजीचं ज्येष्ठ नागरिक म्हणून वेगळं धरलं असेल. झोप आता." त्याच रात्री हॉटेलच्या काउंटरवर नुसतं दाखवलं असतं तरी कळलं असतं. पैसे परत आले नसते, पण आईला दुसऱ्या दिवशी त्या गेटपर्यंत चालवत नेलं नसतं.

गुलमर्गच्या स्टँडवर एक गाइड चिकटला. गाइडशिवाय आत सोडत नाहीत म्हणाला. साफ खोटं आहे, गाइडची सक्ती नाही. पीडीएफ बघून "तिकीट एकदम ओके" म्हणाला आणि 1,200 घेतले. गेटवर क्यूआर स्कॅन झाला आणि कर्मचारी म्हणाला, हे चार जणांचं तिकीट आहे, ते चौघं सकाळीच वर गेलेत. दुसऱ्या कुणाच्या खऱ्या तिकिटावर आमची नावं चिकटवलेली होती. मागे रांग, लोक बघतायत, मुलगी रडायला लागली. गाइड केव्हा पसार झाला ते कळलंही नाही. आई बाकावर बसून वर जाणाऱ्या केबिन बघत राहिली. तिथल्या एका काश्मिरी चहावाल्याने तिला चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणून सगळ्या काश्मीरला नावं ठेवू नका. फोनवरचा माणूस कुठून बोलत होता देव जाणे.

यानंतर तक्रारीची फरफट सुरू झाली. माझं सिम प्रीपेड. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. बायकोचं पोस्टपेड होतं, पण बँकेला नोंदणीकृत नंबर हवा आणि तो तर बंद! बँकेला ओटीपी पाठवायचाय, मला तो मिळू शकत नाही, आणि पलीकडची मुलगी तेच वाक्य पाच वेळा म्हणतेय. जाण्याआधी खात्याशी जोडलेला नंबर पोस्टपेड करून घ्या. 1930 या सायबर हेल्पलाइनला मी रात्री फोन केला, तो तत्क्षणी करायला हवा होता. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तरच काही हाती लागतं. माझे 14,000 तर दोन आठवड्यांपूर्वीच गेले होते.

तिथल्या पोलिसांनी सांगितलं, पैसे तुम्ही घरून पाठवलेत, तक्रार घरी करा. घरी आलो तर ठाण्यात म्हणाले, गुन्हा काश्मीरमध्ये घडला, आम्ही काय करणार? झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं. तर साहेब म्हणाले, "लाखांची प्रकरणं पडून आहेत, तुम्ही सतरा हजारांसाठी बसलाय." सतरा हजार माझ्या मुलीच्या क्लासची फी आहे! पाच खेपा, तीन अर्ध्या रजा. खात्याचा उतारा बँकेच्या शिक्क्यासह आणा म्हणाले, त्याचे बँकेने 118 रुपये घेतले. वर बँकेचं लेखी उत्तर: पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, जबाबदारी आमची नाही. ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले, त्या खात्याचं काय झालं, हे विचारलं की सगळे गोपनीयतेचं कारण देतात. फसवणाऱ्याची गोपनीयता एवढी मोलाची, आणि माझ्या आईचं आधार कार्ड कुठे फिरतंय याची चौकशी करायला कुणाला वेळ नाही.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, ते घरी येऊन माझा नंबर चालू झाल्यावर केलं, तेवढं तुम्हीही करा. तिकीट फक्त अधिकृत संकेतस्थळावरून काढा, पत्ता स्वतः टाइप करून. कोटा, एजंट, फास्ट ट्रॅक हे शब्द कानावर आले की फोन ठेवा. आणि तिकिटं संपली असतील तर तारीख बदला, किंवा गुलमर्गच्या कुरणात बसून परत या.

तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे, उत्तर नाही. गेल्या आठवड्यात बायकोच्या मोबाइलवरून तो नंबर पाहिला. चालू आहे, फोटोही तोच, खाली लिहिलंय: पुढच्या महिन्याचे स्लॉट खुले.