स्कोडा ऑक्टाव्हिया, डिझेलवरून पेट्रोलवर: आठ महिने, साडेनऊ हजार किलोमीटर

आधी पंपावरची फजिती सांगतो. गाडी घेऊन चौथा का पाचवा दिवस, घोडबंदरला पंपावर काच खाली केली आणि आठ वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, "डिझेल, टाकी फुल." पोराने झाकण उघडलं, जरा थांबला, मग खिडकीपाशी येऊन म्हणाला, "दादा, झाकणावर तर पेट्रोल लिहिलंय, नक्की काय टाकू?" शेजारी बायको हसून लोटपोट. तसं डिझेलचं नोझल जाड असतं, पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा शिरतच नाही, त्यामुळे या बाजूची चूक बहुतेक वेळा तिथेच अडते. उलटी चूक, म्हणजे डिझेल गाडीत पेट्रोल, ती मात्र आरामात होते आणि तीच महागात जाते, कारण त्या इंजिनाच्या हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच मिळत असतं.

तर आधीची गाडी 2015ची ऑक्टाव्हिया, 2.0 टीडीआय म्हणजे डिझेल, डीएसजी ऑटोमॅटिक, 143 पीएस पॉवर आणि 320 एनएम टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. आताची म्हणजे 2021 मध्ये आपल्याकडे आलेली नवीन ऑक्टाव्हिया, 2.0 टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, तीही डीएसजी, 190 पीएस, आणि टॉर्क? तोही 320च. दोन्ही सेकंड हँड घेतल्या, आपल्याला शोरूमची हवा परवडत नाही. एजंट म्हणाला होता, "सर टॉर्क सेम टू सेम, वर 47 पीएस फुकट, महिन्याभरात डिझेल विसराल." आठ महिने झाले, विसरलो नाहीये. परत डिझेल घेईन का तर तेही बहुतेक नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ते सांगायला हा सगळा खटाटोप.

माझं रोजचं म्हणजे कासारवडवली ते महापे. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, मग हायवेने तीन हात नाका, मुलुंड, ऐरोलीचा पूल आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. ज्यांना घोडबंदर माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको, मेट्रोचे पिलर, बॅरिकेड, मधेच नाहीशी होणारी लेन, आणि गायमुखला एखादा कंटेनर बंद पडला की त्याची शेपटी आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत. या रस्त्यावर डिझेल आणि पेट्रोलची तुलनाच होऊ शकत नाही, पेट्रोल एकतर्फी जिंकतं. जुन्या गाडीत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत रांगताना इंजिनाची धडधड सीटमधून कमरेला लागायची, ब्रेक जरा सोडला की गाडी हिसका देऊन पुढे जायची, परत ब्रेक. नवीन गाडी सरपटते, बस. एवढी शांत की पहिल्या आठवड्यात एकदा मी चालू इंजिन बंद आहे समजून परत बटण दाबलं आणि बंद पाडलं, तेही मानपाड्याच्या सिग्नलला, मागे टीएमटीची बस.

शांततेचा तोटा एकच. आमच्या गेटवरचे काका रात्री डिझेलची खडखड वळणावरूनच ओळखायचे आणि मी पोहोचेपर्यंत गेट उघडं असायचं. आता हॉर्न द्यावा लागतो.

आता मुद्द्याचं. कागदावर बघाल तर पेट्रोलचा 320 टॉर्क 1500 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हजर आणि जवळपास 4000 पर्यंत टिकून. डिझेलचा 1750ला येतो आणि 3000ला ओसरायला लागतो. म्हणजे पेट्रोल आधी येतं आणि उशिरापर्यंत थांबतं. तरी मी ज्याला ज्याला दोन्ही गाड्या चालवायला दिल्या, त्यातल्या प्रत्येकाने उतरल्यावर सांगितलं की डिझेल जास्त ओढते. मलाही तसंच वाटायचं. माजिवड्याच्या जाममध्ये दुसरं काम काय, यावर खूप डोकं खाजवलं. मला पटलेलं कारण असं की आपल्या शरीराला जोर कळत नाही, जोरातला बदल कळतो. डिझेलमध्ये 1700च्या खाली खड्डा असतो, इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोला फिरायला पुरेसा एक्झॉस्ट नसतो, पाय दाबून तुम्ही वाट बघताय, आणि मग एकदम सगळा टॉर्क पाठीवर येऊन आदळतो. पेट्रोलमध्ये तो खड्डाच जवळपास भरून टाकलाय, त्यामुळे धक्का नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगची लिफ्ट अशी धक्का देऊन सुटायची की वाटावं आता गच्ची फोडून जाणार, आणि तिसऱ्या मजल्याला जीव टाकायची. इथल्या टॉवरची लिफ्ट कधी सुटली कळत नाही आणि बाविसावा मजला आलेला असतो.

घड्याळ लावून बघितलं तर पेट्रोल पुढेच आहे, आणि थोडंथोडकं नाही. पॉवर म्हणजे शेवटी टॉर्क गुणिले आरपीएम. डिझेलचे 143 पीएस 4000ला मिळतात आणि त्यानंतर तिला पळवण्यात अर्थच नाही, आवाज वाढतो, गाडी वाढत नाही. पेट्रोल 6000 पर्यंत आपले 190 पीएस धरून असतं, म्हणजे एकाच गिअरमध्ये जास्त वेळ ओढत राहता येतं. आणि हे फक्त माझ्या गाडीचं नाही. बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज ग्रॅन लिमोझिन बघा, 320एलडी डिझेल 190 पीएस, 330एलआय पेट्रोल 258 पीएस, आणि टॉर्क दोघींचा 400. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे शून्य ते शंभर डिझेलला 7.6 सेकंद, पेट्रोलला 6.2. टॉर्क सारखा असून जवळजवळ दीड सेकंदाचा फरक. त्यामुळे 'टॉर्क सेम म्हणजे गाडी सेम' हे एजंटलोकांचं गणित कोणी ऐकवलं तर चहा पिऊन निघून यावं.

पण मग घाट. सासर नाशिकचं, महिन्यातून एक फेरी ठरलेली. समृद्धी आमण्यापर्यंत आल्यापासून, म्हणजे जून 2025 पासून, इगतपुरीचा लांबलचक बोगदा पकडून कसारा घाट टाळता येतो, पण मी अजून बऱ्याचदा मुद्दाम घाटानेच जातो, कारण गाडी कळते ती तिथेच. डोळ्यासमोर आणा, चढ आहे, एक ट्रक हळूहळू दुसऱ्याला ओव्हरटेक करतोय, सगळे त्याच्या मागे ताटकळलेत, आणि तो एकदाचा डावीकडे सरकतो. जुन्या गाडीत गिअर तिसरा, काटा 1900च्या आसपास, पाय जरासा दाबला की गिअर न बदलता, आवाजही फारसा न वाढता गाडी सरळ वर निघायची. हत्ती चालायला लागल्यासारखी. नवीन गाडीत तेच केलं तर डी मोडमध्ये ती आधी पेट्रोल वाचवायच्या नादात वरच्या गिअरला जाऊन बसलेली असते, मी पाय दाबतो, ती क्षणभर विचार करते, दोन-तीन गिअर खाली टाकते, काटा 4500, इंजिन ओरडतं, आणि मग जी सुटते ती ट्रक आरशात ठिपका होईपर्यंत. जास्त फास्ट? शंभर टक्के. पण मागे झोपलेली पोरगी जागी होते. बायकोचं निरीक्षण लिहून ठेवण्यासारखं आहे: "आधी तू ओव्हरटेक केलास तर मला कळायचंच नाही, आता प्रत्येक वेळी कळतं." म्हणजे शहरात जी गाडी गप्प ती घाटात बोलते आणि शहरात जी खडखड करायची ती घाटात मुकाट्याने काम करायची.

यावर उपाय आहे, एस म्हणजे स्पोर्ट मोड टाकायचा किंवा स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल मारून आधीच तिसऱ्यात आणून ठेवायची. मग लॅगबिग काही नाही, आणि वळणात शिरताना नाकही हलकं वाटतं. डिझेलचं इंजिन आतला दाब सोसायचा म्हणून तब्येतीने जड असतं आणि ते वजन पुढच्या चाकांवर येतं, इगतपुरीच्या आधीच्या वळणांना जुनी गाडी थोडी बाहेरच्या बाजूला जाऊ बघायची, ही स्टिअरिंग दाखवाल तिकडे जाते (अर्थात नवीन पिढीची चासी आहे, सगळं श्रेय पेट्रोलला देणं बरोबर नाही). पण हे सगळं मन लावून चालवायचं असेल तर. नाशिकहून रविवारी रात्री पोट भरून परत येताना मला पॅडल मारायचा कंटाळा येतो, आणि नेमकी तेव्हाच डिझेल आठवते.

आणि माझी खरी तक्रार, जी गाडीबद्दल नाहीच आहे. या पेट्रोलची मजा 4000च्या वर आहे. तिसऱ्या गिअरमध्ये 4000च्या वर म्हणजे स्पीड किती ते बघा, आणि मग आपले रस्ते बघा. पुणे एक्स्प्रेसवेला कारला मर्यादा 100, बोरघाटात 60, जागोजागी कॅमेरे. ठाण्यात तर बोलायलाच नको. म्हणजे इंजिनातला सगळ्यात चविष्ट भाग ई-चलानच्या पलीकडे ठेवलाय. डिझेलची मजा 1800 ते 3000 मध्ये होती, म्हणजे साठ ते नव्वदच्या स्पीडला, जिथे आपण खरंच असतो. नियमात राहून रोज दहा वेळा ती पाठीवरची थाप मिळायची. आता अटल सेतूवर पहाटे गेलो तरी शंभरला क्रूझ लावून समुद्र बघत बसतो, 190 पीएस बोनेटखाली झोपलेले.

पैशाचं बोलू. ॲव्हरेज, टाकी फुल ते टाकी फुल, माझ्या पायाने: डिझेल ऑफिसच्या रस्त्यावर साडेबारा, नाशिकला साडेएकोणीस. पेट्रोल ऑफिसला साडेआठ, नाशिकला पंधरा. एक लिटर डिझेलमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, शिवाय आता पंपावर सगळीकडे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेजमध्ये थोडा फटका नुसत्या हिशोबानेच बसतो, पाय कितीही हलका ठेवा. पेट्रोल एकशेतीन-चार आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर ऑफिसच्या रस्त्यावर किलोमीटरमागे पाच रुपये जास्त, हायवेला सव्वादोन. या आठ महिन्यांत मिळून पस्तीस हजारांच्या घरात जास्त गेले. दोन्ही टाक्या 50 लिटरच्या, पण डिझेल एका टाकीत नाशिकच्या तीन फेऱ्या काढायची, आता दोन झाल्या की मी पंप शोधतो.

मग परत डिझेल का नाही? एक तर अशी गाडी नवीन मिळतच नाही. 1 एप्रिल 2020ला बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम आले तेव्हा स्कोडा-फोक्सवॅगन ग्रुपने आपल्याकडे डिझेल बंद करून टाकलं, मारुतीनेही तेच केलं, नंतर होंडा, व्हर्नाचं डिझेलही गेलं. आता डिझेल म्हणजे बहुतेक एसयूव्ही नाहीतर महागड्या जर्मन गाड्या. दुसरं, डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुराचा फिल्टर. माझ्या जुन्या बीएस-4ला त्या भानगडीत कधी पडावं लागलं नाही, पण ऑफिसातल्या एका मित्राकडे बीएस-6 डिझेल एसयूव्ही आहे, कंपनीचं नाव राहू दे, गुण त्या तंत्राचाच आहे. धुरातली काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळायला एक्झॉस्ट सहाशे डिग्रीच्या आसपास तापावा लागतो. तो राहतो बाळकुमला, ऑफिस महापे, निम्मा वेळ गाडी उभीच. तापणार कधी? दर दीड-दोन महिन्यांनी डॅशबोर्डवर लाइट, आणि वर्कशॉपवाले सांगतात हायवेला अर्धा तास न थांबता फिरवून आणा. आता ठाण्यात अर्धा तास न थांबता जायचं म्हणजे रात्री बारानंतर. मग हा रात्री नाशिक हायवेला शहापूरपर्यंत जातो, चहा पितो, परत येतो. बायकोला पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं म्हणे. आता तीही सोबत जाते.

मला जे विचारतात त्यांना मी उलट एवढंच विचारतो की महिन्यातले किती किलोमीटर चौथ्या गिअरच्या वर जातात. निम्म्याहून जास्त असतील, घाट असेल, सामान आणि माणसं भरलेली असतील, तर डिझेल बघा, टर्बो पेट्रोलच्या पॉवरच्या आकड्याला भुलू नका. घोडबंदरवर राहत असाल तर पेट्रोल घ्या आणि पंपावर तोंड सांभाळा. जुनी गाडी सध्या सिन्नरला मामेभावाकडे आहे, त्याला समृद्धी दाराशी, एकवीसचं ॲव्हरेज मिळतं म्हणून दर आठवड्याला डिस्प्लेचा फोटो पाठवतो. खोटं बोलत नसेल, पण टाकी फुल करून मोजलेलं नाहीये ते, डिस्प्ले बहुतेक वेळा थोडं वाढवून सांगतो.